उद्धार : एक शब्द, दोन अर्थ
(वर्षावास प्रवचनमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस त्रिवार अभिवादन करून आम्ही विषयाला सुरुवात करतो. या प्रवचनमालेत आमच्या आधी पंचशील, अष्टांगिक मार्ग, बावीस प्रतिज्ञा अशा थोर विषयांवर विद्वान वक्त्यांची भाषणे झाली. आम्ही विद्वान नाही. बँकेत रोख मोजणारे कारकून आहोत. कला शाखेत मराठी विषय घेऊन पदवी घेतली, त्यामुळे एखादा शब्द कानाला खटकला की तो दिवसभर डोक्यात फिरत राहतो, एवढीच काय ती आमची पात्रता. म्हणून आज आम्ही एकाच शब्दावर बोलणार आहोत. तो शब्द म्हणजे 'उद्धार'.

हा विषय कसा सुचला ते आधी सांगतो. काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. महिन्याची पहिली तारीख, पगार आणि पेन्शनची गर्दी, त्यात यंत्र बंद पडलेले. एक गृहस्थ बराच वेळ रांगेत उभे होते. त्यांचा नंबर आला तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. त्यांनी आवाज चढवला. आमच्या आईबापांचा, आजा-पणजाचा यथेच्छ उद्धार केला. इथपर्यंत नवल काही नाही, काउंटरवर बसणाऱ्या माणसाला याची सवय होते. पण तेवढ्यात त्यांची नजर टेबलावरच्या नावाच्या पाटीवर गेली. आडनाव वाचले आणि ते म्हणाले, "सरकारनं तुमचा उद्धार केला, म्हणून तर या खुर्चीत बसलात." आम्ही काही बोललो नाही. नोटा मोजून दिल्या. पण संध्याकाळी घरी जाताना एक गोष्ट लक्षात आली. त्या गृहस्थांनी आमचा दोनदा उद्धार केला होता, एकदा शिवी देऊन आणि एकदा उपकार सांगून. आणि खरे सांगायचे तर शिवी विसरलो, उपकार अजून विसरलो नाही.

मराठीत या शब्दाचे असे दोन संसार आहेत. कुणी कुणाच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो म्हणजे त्याला सात पिढ्यांवरून शिव्या देतो. आणि कुणी कुळाचा उद्धार करतो म्हणजे कुळाला चांगले दिवस दाखवतो. शब्द तोच. ऐकणारा मात्र चुकत नाही, सूर बरोबर ओळखतो. आपल्या भागात पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात म्हैस रुतली की काय होते ते तुम्ही सर्वांनी पाहिले आहे. दहा-बारा गडी जमतात, पोटाखालून दोर घालतात, कुणी शेपूट पिळतो, कुणी शिंगाला धरतो आणि ओढता ओढता म्हशीचा आणि म्हशीच्या धन्याचा उद्धार चालूच असतो. म्हैस बाहेर निघते तेव्हा दोन्ही अर्थांनी उद्धार झालेला असतो!

हा विनोद बाजूला ठेवू. शब्दाच्या पोटात शिरले तर मूळ अर्थ अगदी साधा आहे. 'उत्' म्हणजे वर, बाहेर आणि 'हृ' म्हणजे नेणे. उद्धार म्हणजे वर काढणे, बाहेर काढणे. पायात रुतलेला काटा काढण्याला संस्कृतात शल्योद्धार म्हणतात. आता काटा काढताना काय घडते? पाय सुटतो आणि काटा फेकला जातो. क्रिया एकच असते. पायाला विचाराल तर तो म्हणेल, सुटका झाली. काट्याला तोंड असते तर तो म्हणाला असता, मला घालवून दिले. आपल्या समाजाच्या इतिहासात हा प्रश्न पुन्हा पुन्हा आला आहे, की ज्याला बाहेर काढले तो पाय होता की काटा?

'बाहेर काढणे' हा साधा मराठी प्रयोगच घ्या. गावाबाहेर काढले, पंगतीतून बाहेर काढले, देवळातून बाहेर काढले, शाळेच्या वर्गाबाहेर बसवले. आणि दुसरीकडे विहिरीतून बाहेर काढले, कर्जातून बाहेर काढले, अंधारातून बाहेर काढले. आमच्या आजीच्या तोंडी दोन्ही असायचे. तिच्या लहानपणी हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि हिंगोली परभणी जिल्ह्यात होते. हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. आजीने ते पाहिले नाही. असो.

आता आपल्याच जिल्ह्यातली एक जुनी गोष्ट सांगतो. नर्सी हे नामदेवांचे गाव म्हणून सर्वांना माहीत आहे. नामदेवांचा काळ साधारण १२७० ते १३५० मानतात. जातीने शिंपी. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत, आणि तो ग्रंथ मुळात १६०४ साली सिद्ध झाला. म्हणजे चारशे वर्षांहून अधिक काळ ती पदे जशीच्या तशी जपली गेली. त्यातल्या भैरव रागातल्या एका पदात नामदेव स्वतःची हकीगत सांगतात. हसत-खेळत देवळात आलो, भक्ती करत होतो, तर मला धरून उठवले. आपली जात हीन समजली जाते, असा जन्म का दिला, असे ते देवाला विचारतात. मग घोंगडी उचलून देवळाच्या मागे जाऊन बसतात. परंपरा ही घटना औंढ्याच्या नागनाथ मंदिराशी जोडते. पुढे देऊळच फिरले आणि नामदेवांच्या तोंडासमोर आले, असे सांगतात. औंढ्याला नंदी मागच्या बाजूला का आहे, याचे कारणही लोक हेच सांगतात.

देऊळ फिरले यावर आपण बौद्धांनी विश्वास ठेवण्याचे कारण नाही. दगड फिरत नाहीत. पण धरून उठवले, हे मात्र कुणाला अशक्य वाटेल? त्यात चमत्कार काहीच नाही. ते तर रोजचे होते. आणि शब्द पाहा, उठवले! हात धरून उठवणे ही एरवी किती मायेची गोष्ट आहे. पडलेल्या लेकराला आपण हात धरून उठवतो. नामदेवांचाही हात धरला आणि त्यांना उठवले, पण तो हात त्यांना दाराकडे नेणारा होता. ज्या माणसाने पुढे मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या कामात चिरडून मेलेल्या चोखोबांच्या अस्थी गोळा केल्या असे परंपरा सांगते, त्या माणसाला हा अनुभव आपल्याच घराजवळ आला होता. चोखोबांना तर आत शिरून उठवले जाण्याचीही सोय नव्हती, ते पायरीशीच राहिले.

आता या शतकांवरून उडी मारून विसाव्या शतकात येऊ, कारण 'उद्धार' हा शब्द आपल्या संदर्भात सगळ्यात जास्त वापरला गेला तो त्या काळात. 'अस्पृश्योद्धार' हा तेव्हाच्या वर्तमानपत्रांतला नेहमीचा शब्द. त्यात प्रामाणिक माणसे होती, हे आम्ही मुद्दाम सांगतो. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापन केली आणि आयुष्य त्यात घातले. स्वतःच्या लोकांचा रोष ओढवून घेतला. अशा माणसाच्या हेतूवर शंका घेणे कृतघ्नपणा होईल. पण हेतू चांगला असला तरी शब्दाचे व्याकरण बदलत नाही. उद्धार करणारा कर्ता आणि उद्धार होणारा कर्म. कर्त्याने वर उभे राहायचे आणि कर्माने खाली पडून राहायचे. वाक्य असेच बनते.

हे व्याकरण सर्वांत आधी आणि सर्वांत स्पष्टपणे कुणी पाहिले असेल तर बाबासाहेबांनी. २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. त्याच महिन्याच्या ३० तारखेला अस्पृश्यता निवारणासाठी अखिल भारतीय संघ स्थापन झाला. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला आणि चिटणीस ठक्करबाप्पा. पुढे याच संघाचे नाव हरिजन सेवक संघ झाले. सुरुवातीला बाबासाहेब त्याच्या मध्यवर्ती मंडळावर होते. तिसऱ्या गोलमेज परिषदेसाठी बोटीने लंडनला जात असताना १४ नोव्हेंबर १९३२ रोजी त्यांनी ठक्करबाप्पांना एक लांबलचक पत्र लिहिले. ते पत्र विद्यार्थ्यांनी जरूर वाचावे, बाबासाहेबांच्या १९४५ सालच्या काँग्रेस आणि गांधींवरील ग्रंथात ते छापलेले आहे.

त्यात ते दोन दृष्टी मांडतात. एक दृष्टी असे मानते की माणूस दुःखात आहे तो त्याच्या अंगच्या दोषांमुळे. म्हणून त्याला दारू सोडायला लावा, तालीम काढून द्या, वाचनालय द्या, शाळा द्या, म्हणजे तो सुधारेल. दुसरी दृष्टी म्हणते की माणूस ज्या परिस्थितीत राहतो ती परिस्थितीच त्याला दाबून ठेवते. बाबासाहेबांचा आग्रह दुसरीसाठी होता. गावची विहीर, शाळा, चावडी, सार्वजनिक वाहने यांवरचा हक्क मिळवण्यासाठी मोहीम काढा, रोजगारात समान संधी द्या, घरोबा वाढवा, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे एकाने खड्ड्यातल्या माणसाला नीट कसे उभे राहायचे ते शिकवायचे म्हटले आणि बाबासाहेबांनी विचारले की खड्डा कुणी खणला? पुढे त्या संघाच्या कारभारात अस्पृश्यांना जागा का नाही, असा प्रश्न आला तेव्हा गांधीजींची बाजू अशी होती की हे हिंदूंचे प्रायश्चित्त आहे, पैसाही त्यांचाच आहे, तेव्हा कारभारही त्यांनीच पाहायला हवा. आम्ही बँकवाले माणूस, त्यामुळे आम्हाला हे वाचताना हसू येते. ज्याचे येणे आहे त्याला हिशेबाची वहीच दाखवायची नाही, आणि देणे फेडल्याबद्दल त्यानेच आभार मानायचे! बाबासाहेब त्या संघातून बाहेर पडले.

बाहेर पडले, हे शब्द आम्ही जाणूनबुजून वापरले. बाहेर काढणे आणि बाहेर पडणे यांत केवढे अंतर आहे पाहा. बाबासाहेबांची संस्था-पत्रांची नावे आठवा. २० जुलै १९२४ ची बहिष्कृत हितकारिणी सभा आणि ३ एप्रिल १९२७ ला सुरू झालेले 'बहिष्कृत भारत'. बहिष्कृत म्हणजे अक्षरशः बाहेर केलेला. समाजाने आपल्याला दिलेला तो नकार त्यांनी लपवला नाही, वर्तमानपत्राच्या मथळ्यावर ठळक टाइपात छापला. मग १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला घोषणा झाली, ३० व ३१ मे १९३६ रोजी मुंबईला परिषद भरली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपण सगळेच्या सगळे बाहेर पडलो. ज्या घरातून शतकानुशतके बाहेर काढले जात होते, त्याच घराला आपण स्वतःच्या पायांनी पाठ दाखवली. त्यानंतर आपल्याला देवळाबाहेर कोण काढणार? आपण तिथे जातच नाही.

तरीही आपली माणसे बाबासाहेबांना 'उद्धारक' म्हणतात. वामनदादा कर्डकांसारख्या महाकवीच्या गाण्यात हा शब्द येतो तेव्हा अंगावर काटा उभा राहतो, आणि आम्हालाही येतो. मग तो शब्द चुकीचा म्हणायचा का? आमची आजी निरक्षर होती. तिला आम्ही शाळकरी वयात विचारले होते, आजी, बाबासाहेबांनी आपल्याला उचललं म्हणजे काय केलं गं? ती म्हणाली, "उचललं न्हाई रं बाळा, उठिवलं. निजल्या लेकराला उचलून कुठं बी ठिवता येतंय. जागं झालेलं आपल्या पायानं जातंय." आम्ही पुढे पदवीपर्यंत मराठीचे व्याकरण शिकलो, पण उचलणे आणि उठवणे यांतला हा भेद आम्हाला कुठल्या पुस्तकात सापडला नाही.

तो सापडला धम्मपदात. तेविसावा वग्ग, नागवग्ग. नाग म्हणजे हत्ती. त्यातल्या ३२७ व्या गाथेत तथागत भिक्खूंना उपदेश करतात आणि तिथे जे पाली क्रियापद आहे ते हेच आहे, 'उद्धरथ'. चिखलात रुतलेल्या हत्तीचा दाखला देऊन स्वतःला वर काढायला सांगितले आहे. कर्ताही तूच आणि कर्मही तूच. आमच्या व्याकरणातली अडचण एका गाथेत सुटली.

या गाथेच्या अट्ठकथेत जी गोष्ट आहे ती फारच सुंदर आहे. कोसलराजाचा एक हत्ती होता. तरुणपणी लढाया गाजवलेला. म्हातारा झाला आणि एक दिवस तळ्यात उतरला तो चिखलात रुतला. धडपड करून थकला. लोक जमले. राजाने माहुताला पाठवले. माहूत हुशार होता. त्याने दोर आणले नाहीत, शेपूट पिळले नाही, हत्तीच्या आईबापांचा उद्धारही केला नाही. तो स्वतः लढाईच्या वेशात सजून काठावर उभा राहिला आणि रणभेरी वाजवायला लावली. तो आवाज कानावर पडताच हत्तीला आपण कोण आहोत ते आठवले. त्याने अंगातले सगळे बळ एकवटले आणि तो स्वतः काठावर चढून आला. भिक्खूंनी हे पाहिले आणि जाऊन तथागतांना सांगितले.

हत्तीला कुणी वाचवले, असे तुम्हाला परीक्षेत विचारले तर काय लिहाल? माहुताने, असे लिहिले तर चूक नाही, कारण भेरी त्याने वाजवली. पण हात कुणी लावला नाही.

मराठवाड्यातल्या आपल्या पिढ्यांना ही भेरी जिथे ऐकू आली ती जागा म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादचे नागसेनवन. पीपल्स एज्युकेशन सोसायटी ८ जुलै १९४५ ला स्थापन झाली आणि १९५० साली बाबासाहेबांनी मराठवाड्यात महाविद्यालय सुरू केले. या कॉलेजला नाव दिले 'मिलिंद'. मिलिंद कोण? भिक्खू नागसेनांना प्रश्नावर प्रश्न विचारणारा ग्रीक राजा. ज्यांच्या बापांना प्रश्न विचारण्याची मुभा नव्हती त्या पोरांच्या कॉलेजला प्रश्न विचारणाऱ्याचे नाव! हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव, औंढा या भागांतून पत्र्याची पेटी घेऊन तिथे गेलेली माणसे आपल्या घराघरांत होती. आज या सभागृहात जे निवृत्त गुरुजी बसले आहेत त्यांतल्या काहींनी ते दिवस पाहिले आहेत, त्यांच्यासमोर आम्ही अधिक बोलणे बरे नव्हे.

आता जे सांगायचे आहे ते सांगायला आम्हाला थोडे जड जाते. पण वर्षावासात आपले दोष संघापुढे सांगण्याची रीत आहे, तेव्हा सांगतो.

काही वर्षांपूर्वी आपल्या एका कार्यक्रमात तीन विद्यार्थ्यांना फी आणि पुस्तके देण्यात आली. तिघांना व्यासपीठावर उभे केले, हार घातले, फोटो काढले. सूत्रसंचालकाने माइकवरून सांगितले, की या गरीब मुलांचा संस्थेने उद्धार केला आहे. एकाचे वडील मोंढ्यात हमाली करत, ते समोर तिसऱ्या रांगेत बसले होते. पुढच्या वर्षी त्या मुलाचा अर्ज आला नाही. आम्हाला वाटले, शिक्षण सोडले असेल. नंतर एकदा ते वडील बँकेत पैसे काढण्याची स्लिप भरून घ्यायला आमच्याकडे आले. आम्ही चौकशी केली. मुलगा शिकत होता, वडिलांनी सावकाराकडून पैसे काढून फी भरली होती. आम्ही जरा रागानेच विचारले, की संस्था असताना सावकार कशाला? ते खाली मान घालून म्हणाले, "साहेब, मदत चांगलीच होती. पण पाचशे माणसांत माझ्या देखत माझ्या लेकराचा उद्धार केला तुम्ही."

त्यांनी तो शब्द कोणत्या अर्थाने वापरला हे आम्ही विचारले नाही. काउंटरवरच्या त्या गृहस्थांचा आवाज मात्र कानात पुन्हा वाजला. 'तुमचा उद्धार केला म्हणून तर खुर्चीत बसलात.' आमच्यात आणि त्यांच्यात काय फरक राहिला? त्या दिवशीचे सूत्रसंचालक दुसरे कुणी नव्हते, आम्हीच होतो.

विद्यार्थी मित्रांना म्हणून सांगतो, शिष्यवृत्ती, राखीव जागा, वसतिगृह, संस्थेची मदत यांपैकी काहीही घेताना कुणी उद्धाराची भाषा केली तर मान खाली घालू नका. ते तुमचे येणे आहे, राज्यघटनेच्या खात्यावर जमा असलेले. आणि आम्हा कार्यकर्त्यांपैकी कुणी ती भाषा केली तर आम्हाला तिथेच टोका. आम्हाला त्या वेळी कुणी टोकले असते तर बरे झाले असते.

त्यानंतर कार्यकारिणीत आम्ही हा विषय मांडला. चर्चा बरीच झाली. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले की देणगीदारांना फोटो लागतो, फोटो नसेल तर देणगी येत नाही. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. त्यानंतरच्या वर्षी देणग्या थोड्या कमी आल्या, हे हिशेबनीसांनी अहवालात लिहिले आहे. तरी ठराव झाला. मदत आता व्यासपीठावर दिली जात नाही, विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा होते आणि अर्जात बापाच्या गरिबीचे वर्णन लिहावयाचा रकाना काढून टाकला आहे. त्याजागी, 'पुढे काय शिकावयाचे आहे?' असा रकाना घातला. त्याची उत्तरे वाचायला फार आनंद होतो. एका मुलीने लिहिले आहे, "न्यायाधीश. नाही जमले तर वकील."

एक काम अर्धवट राहिले आहे. आपली पावती पुस्तके पूर्वीच छापून झाली होती आणि त्यांवर 'गरीब विद्यार्थी उद्धार निधी' असे ठळक अक्षरांत आहे. नवीन छपाईचा खर्च नको म्हणून उरलेली पुस्तके तशीच वापरायची ठरले. बाहेर टेबलावर जी पुस्तके ठेवली आहेत त्यांतल्या प्रत्येक पावतीवर आम्ही दोन शब्द पेनने खोडले आहेत. दोन पुस्तके अजून राहिली आहेत. कार्यक्रमानंतर कुणा विद्यार्थ्याला वेळ असेल तर त्याने आमच्याजवळ येऊन बसावे, पेन आमच्याकडे आहे.